परक्याची मोटार, परक्याचे छप्पर

व्यापार म्हटला की प्रवास आलाच. पेठेत गादीवर बसून होणारा व्यवहार निराळा आणि परगावच्या पेढीवर जाऊन, माल डोळ्यांनी पाहून, भाव समोरासमोर बोलून होणारा व्यवहार निराळा. तार गेली, टेलिफोन आला, आता मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. तरी समक्ष भेटीचे मोल उणे झालेले नाही. प्रवासाची रीत मात्र पार पालटली. वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊन रात्रीच्या आगगाडीत बसणारा आडत्या आता दिसत नाही. त्याचा नातू भाड्याची मोटार घेतो, पहाटे बेळगाव सोडतो आणि दिवस मावळण्यापूर्वी मुंबईच्या एखाद्या मोठ्या हॉटेलच्या दाराशी उतरतो. या नव्या रीतीत सुख पुष्कळ आहे. परंतु त्या सुखाबरोबर जी जबाबदारी अंगावर येते, तिचा हिशेब फारसा कोणी मांडीत नाही. तो आपल्या सभासद बंधूंपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दान आणि करार

आपल्या वाडवडिलांचा मुंबईतील मुक्काम आप्तांच्या घरी, नाही तर धर्मशाळेत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) यांनी सी. पी. टँक येथे हिराबाग धर्मशाळा उभी केली. यात्रेकरू, विद्यार्थी आणि व्यापारी अशा सर्वांना तिचा आधार झाला. जवळजवळ त्याच काळात, १६ डिसेंबर १९०३ रोजी, जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल अपोलो बंदरावर उघडले. नगर एक, काळ एक. परंतु एका वास्तूचा पाया दान हा होता, तर दुसरीचा करार. धर्मशाळेत पाहुण्याची ओळख त्याच्या गावावरून आणि घराण्यावरून पटे. हॉटेलात ती ओळखपत्रावरून आणि बँकेच्या कार्डावरून पटते.

यात हॉटेलची निंदा नाही. दाम मोजून राहणारा मनुष्य कोणाचा मिंधा होत नाही, हीदेखील एक प्रतिष्ठाच आहे. मात्र दान घेणाऱ्याने कृतज्ञ असावे लागते, तसे करार करणाऱ्याने सावध असावे लागते. मालाच्या सौद्यात आपण एकेक अट पारखून घेतो. पण मोटारीच्या आणि हॉटेलच्या कागदावर न वाचताच सही करतो, हे आपल्या धंद्याच्या शिस्तीला शोभण्यासारखे नाही.

पाटीचा रंग आधी पाहावा

भाड्याच्या मोटारी दोन प्रकारच्या. एक चालकासह मिळणारी. तिची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी. दुसरी आपण स्वतः चालवावयाची. तिची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी. या दुसऱ्या प्रकाराला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ७५ खाली १९८९ साली केलेल्या योजनेचा आधार आहे. गोव्यातील आपल्या सभासदांना या काळ्या पाट्या रोजच्या परिचयाच्या आहेत.

पांढऱ्या पाटीची खासगी मोटार भाड्याने देणारे लोकही गावोगाव आहेत. त्यांचा दर कमी असतो, ओळख घरची असते आणि म्हणून मोह पडतो. परंतु खासगी मोटारीच्या विमापत्रात ती भाड्याने चालविण्यास मनाई असते. वाटेत अपघात झाला आणि मोटार भाड्याची होती हे सिद्ध झाले, की विमा कंपनी नुकसानभरपाई नाकारू शकते. परवान्याविना भाड्याने वाहन चालविणे हा गुन्हा तर आहेच. दिवसाला चार-पाचशे रुपये वाचविण्यासाठी सारी पुंजी जोखमीत घालणे याला काटकसर म्हणता येणार नाही. व्याज वाचविण्यासाठी मुद्दल पणाला लावणारा मनुष्य आपल्या पेठेत शहाणा गणला जात नाही.

पाटी योग्य असली तरी करारातील काही गोष्टी तोंडी न ठेवता लिहून घ्याव्यात. दिवसाला किती किलोमीटर मोफत आणि पुढे काय दर; इंधन किती असताना मोटार ताब्यात मिळाली आणि किती असताना परत द्यावयाची; कर्नाटकाची मोटार महाराष्ट्रात अथवा गोव्यात नेण्यास अनुमती आणि परवाना आहे की नाही; आणि चालविणार कोण. ज्याचे नाव करारात नाही अशा पुतण्याच्या वा भागीदाराच्या हाती चाक देऊ नये. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १५४ याबाबत स्पष्ट आहे: घेतलेली वस्तू ठरलेल्या अटींबाहेर वापरली, तर होणाऱ्या नुकसानीची भरपाई वापरणाऱ्यावर येते. उलट कलम १५० मालकालाही बांधून ठेवते. भाड्याने दिलेल्या वस्तूत मूळचाच दोष असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याची हानी झाली, तर तो दोष ठाऊक नव्हता ही सबब मालकाला सांगता येत नाही. म्हणून मोटार घेतेवेळी चारही बाजूंची, टायरांची आणि काट्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. त्यात अविश्वास मुळीच नाही. माल उतरवून घेताना आपण गोण्या मोजतोच की.

दंडाचे आणि टोलाचेही तसेच. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे. टोल मालकाच्या खात्यातून जातो आणि मागाहून आपल्या बिलात येतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर वेग मोजणारे कॅमेरे आहेत. त्यांच्या दंडाची चिठ्ठीही मालकाच्या नावे निघते आणि पुष्कळदा मोटार परत केल्यावर कितीतरी दिवसांनी आपल्यापर्यंत येते. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. जुन्या सवयीने कोणी तो बिलात धरला, तर नम्रपणे वगळावयास सांगावे.

दोन घड्याळे

मोटार आणि हॉटेल एकत्र आले की खर्चाची एक गंमत होते. हॉटेलचा दिवस दुपारी दोन-तीन वाजता सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराच्या सुमारास संपतो. मोटारीचा दिवस किल्ली हाती पडल्या क्षणापासून चोवीस तासांचा. ही दोन घड्याळे जुळवून घेतली नाहीत, तर दोन रात्रींच्या मुक्कामासाठी मोटारीचे चार दिवस भरावे लागतात. पहाटे निघावयाचे म्हणून आदल्या संध्याकाळीच मोटार दारात आणून उभी करणाऱ्याला हा अनुभव हटकून येतो.

अनामत रकमेचेही ध्यान ठेवावे. मोटारवाला कार्डावर काही रक्कम रोखून धरतो आणि हॉटेलही खोली देताना तसेच करते. ही रक्कम खर्ची पडत नाही हे खरे. पण मोकळी होईपर्यंत काही दिवस ती आपल्यालाही वापरता येत नाही. एकाच कार्डावर दोन्ही ठेवी अडकल्या, तर ऐन खरेदीच्या वेळी हात आखडतो. दोन व्यवहारांसाठी दोन कार्डे ठेवावीत.

आणि मुंबईत पोहोचल्यावर मोटार खरोखरीच लागते काय, याचाही विचार व्हावा. काळबादेवी, मुंबादेवी, झवेरी बाजार या भागांत मोटार नेणे म्हणजे पायांनी दहा मिनिटांचे काम तासाभरात करणे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो संपूर्ण सुरू झाली. तिच्यावर काळबादेवी, गिरगाव आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही स्थानके आहेत आणि वांद्रे-कुर्ला संकुलही आहे. भारत डायमंड बोर्स त्याच संकुलात असल्याने जव्हेऱ्यांची तर मोठीच सोय झाली. मोटार हॉटेलात उभी राहते आणि तिचे भाडे चालू राहते. मग तीन दिवस शहरातच काम असेल, तर मोटार पोहोचल्या दिवशीच परत देता येते काय, हे आधी विचारून ठेवणे हिताचे.

कर हा खर्चच

करांच्या बाबतीत आपल्या सीमाभागातील सभासदांचा वारंवार गैरसमज होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून अधिक दराच्या खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. बिलावर आपल्या पेढीचा नोंदणी क्रमांक घातला की या कराची वजावट मिळेल, अशी समजूत असते. परंतु खोलीच्या सेवेचे स्थान कायद्याने ती इमारत जेथे आहे तेच राज्य ठरते. मुंबईच्या हॉटेलने महाराष्ट्राचा कर लावला आणि आपली नोंदणी केवळ कर्नाटकात वा गोव्यात असली, तर ती वजावट मिळत नाही. प्रवासी मोटारीच्या भाड्यावरील कराचीही वजावट, काही मोजके धंदे सोडल्यास, कायद्याने अडविलेली आहे. म्हणून दर ठरवितानाच दोन्ही कर खर्चात धरावेत. तसेच एका दिवसात एकाच व्यक्तीस १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च आयकरात सामान्यतः मान्य होत नाही, हे चालकाला वा मोटारवाल्याला एकदम रोकड मोजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

भोजनाच्या बिलात 'सेवा आकार' म्हणून एक ओळ असते. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, हा आकार बिलात आपोआप घालू नये, असे मार्गदर्शक नियम काढले. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते ग्राह्य ठरविले. सेवकाला संतोषाने द्यावयाचे ते जरूर हाती द्यावे. बिलातील ओळ मात्र विचारून मगच मान्य करावी.

ठेवीवर ठेव

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोठ्या हॉटेलच्या दाराशी मोटार थांबते, गणवेशातील सेवक दार उघडतो, किल्ली घेतो आणि हाती एक चिठ्ठी देऊन मोटार नजरेआड नेतो. आपण ती चिठ्ठी खिशात चुरगाळून आत जातो. या अर्ध्या मिनिटात काय घडले? मोटारवाल्याने विश्वासाने आपल्या हाती ठेव दिली होती. ती आपण तिसऱ्याच्या हाती ठेव म्हणून सोपविली.

अशाच एका घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री अकराच्या सुमारास एक गृहस्थ दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात आपल्या मारुती झेन मोटारीतून आले आणि त्यांनी किल्ली हॉटेलच्या सेवकाच्या हाती दिली. मिळालेल्या चिठ्ठीवर, मोटार पाहुण्याच्या जोखमीवर ठेवली आहे, अशा आशयाचा मजकूर होता. रात्री एकच्या सुमारास ते बाहेर आले, तो मोटार दुसराच कोणी घेऊन गेला असल्याचे त्यांना कळले. विमा कंपनीने २,८०,००० रुपये भरून दिले आणि मग हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागितली गेली. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलची जबाबदारी कायम केली. मोटारीचा ताबा एकदा हॉटेलच्या सेवकाने घेतला, की ती सुरक्षित परत करणे हे हॉटेलचे कर्तव्य होते. नुकसान आपल्या निष्काळजीपणाने झाले नाही, हे दाखविण्याचा भार हॉटेलवर पडतो. आणि केवळ 'पाहुण्याच्या जोखमीवर' असे छापल्याने निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही. निर्णयाचे सार हे असे आहे.

या निर्णयापासून व्यापाऱ्याने तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की, चिठ्ठी म्हणजे हुंडीइतकाच मोलाचा कागद आहे. ती सांभाळावी, तिच्यावर मोटारीचा क्रमांक नीट आहे ना हे पाहावे. दुसरी ही की, किल्ली दिल्यानेच ताबा सोपविला जातो. आपणच मोटार लावून किल्ली खिशात ठेवली, तर हॉटेलकडे बोट दाखविणे अवघड होते. तिसरी ही की, न्याय मिळाला तरी १९९८ ची गोष्ट २०१९ मध्ये मिटली. त्या प्रकरणात मोटार स्वतःची होती. भाड्याची मोटार गेली तर मालक आधी आपल्याच दाराशी येणार आणि हॉटेलशी आपला वाद कितीही न्यायाचा असला, तरी मालकाला दिलेला शब्द थांबत नाही.

करार कायद्याचे कलम १५१ सांगते की, ठेव घेणाऱ्याने तिची काळजी एखादा सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी घ्यावी. आपल्याला हे नवे नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत न्यासापहार, म्हणजे ठेवलेल्या ठेवीचा अपहार, हा एक आहे. मोटारीला आपल्या हातून आलेला ओरखडा चिखलाखाली झाकून ती परत करणे, इंधनाचा काटा थोडा खाली असताना तो 'बरोबर आहे' असे सांगणे, हॉटेलच्या खोलीतील वस्तू सहज पेटीत पडू देणे, या गोष्टी लहान दिसतात. पण सोबतच्या मुलांच्या डोळ्यांदेखत त्या घडतात आणि तेवढ्यात ती हिशेबाचा पहिला धडा शिकून मोकळी होतात.

चालक कोठे निजतो?

चालकासह मोटार घेणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःस विचारावा. गेल्या हिवाळ्यात आम्ही मुंबईतील एका मोठ्या हॉटेलात मुक्कामास होतो. पहाटे स्थानकावर जावयाचे म्हणून तळघरात उतरलो, तो सहा-सात मोटारींतून चालक निजलेले दिसले. कोणी मागच्या आसनावर अंग दुमडून, कोणी पुढचे आसन मागे पाडून, काचा बोटभर उघड्या ठेवून. वर प्रत्येक खोलीत दोन-दोन जादा उशा होत्या. त्यांतील एकाशी आम्ही बोललो. आदल्या दिवशी पाचशे किलोमीटर चालवून तो आला होता आणि त्याच दुपारी परतीच्या वाटेस लागणार होता.

१९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत, ज्या संस्थांना तो लागू होता तेथे, दिवसाला आठ तासांची आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा सामान्यतः घालीत असे. एकट्या-दुकट्या मोटारमालकाकडील चालकाला अशा मर्यादेचा लाभ पुष्कळदा मिळत नाही. तेथे प्रवास करणाऱ्याची सद्बुद्धी हाच कायदा. काही हॉटेलांत चालकांसाठी विसाव्याची खोली असते, पुष्कळांत नसते. खोली राखतानाच हे विचारावे. नसेल, तर जवळच्या साध्या लॉजमधील एका खाटेचे भाडे आणि दोन वेळचे जेवण आपल्या खर्चात धरावे; केवळ भत्ता हातावर ठेवून मोकळे होऊ नये, कारण भत्ता वाचविण्यासाठीच तो मोटारीत निजतो. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन सांगितले आहेत. पूर्वी ते बैलाकडे आणि गड्याकडे पाहून समजावून दिले जात. आज ते खंबाटकीच्या घाटात पेंगणाऱ्या चालकाकडे पाहून समजून घ्यावे लागतील. न निजलेल्या माणसाच्या हाती आपले कुटुंब सोपविण्यात धोका कोणाला, हे वेगळे सांगावयास नको.

सूर्यास्तापूर्वीचे ताट

भोजनाविषयी थोडेसे. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांना 'जैन भोजन' हा शब्द चांगला ठाऊक आहे. पण त्याचा अर्थ पुष्कळ ठिकाणी कांदा-लसूण नाही एवढाच घेतला जातो. बटाटा, गाजर, मुळा, बीट हेही नकोत, हे नावे घेऊन सांगावे. खरी अडचण वेळेची असते. हॉटेलांतील रात्रीचे भोजनगृह सातनंतर उघडते. मुंबईत डिसेंबराच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेर सव्वासात वाजून जातात. चौविहार पाळणाऱ्यांनी थंडीच्या दिवसांत साडेपाचला खोलीतच ताट मागविण्याची व्यवस्था सकाळीच सांगून ठेवावी. अशी मागणी करण्यात संकोच कसला? दाम मोजणाऱ्या पाहुण्याची वेळ सांभाळणे हाच हॉटेलचा धंदा आहे.

संघाने एक वही ठेवावी

शेवटी एक सूचना. धर्मशाळेच्या काळात मुनीम एक वही ठेवीत असे. कोण कोठून आला, कोणाच्या शिफारशीने आला, किती दिवस राहिला, हे तीत उतरे. आपल्या संघाने तशीच एक वही कार्यालयात ठेवावी, असे आम्हांस वाटते. परगावी जाऊन आलेल्या सभासदाने तीत चारच गोष्टी लिहाव्यात: मोटार कोणाची घेतली आणि शेवटचा हिशेब ठरल्याप्रमाणे झाला काय, हॉटेलात मोटारीची आणि किल्लीची व्यवस्था कशी होती, चालकाला निजावयास जागा मिळाली काय, आणि सूर्यास्तापूर्वी ताट आले काय. बेळगाव, गोवा, इंदूर, हैदराबाद अशा गावोगावच्या सभासदांचे अनुभव तीत जमले, तर पुढे निघणाऱ्याला जाहिरातीपेक्षा विश्वासाची माहिती मिळेल. वर्षअखेर त्या वहीतील निवडक नोंदी पुढील स्मरणिकेत छापता येतील. पहिले पान आम्ही लिहून देऊ. त्या पहाटे तळघरात भेटलेल्या चालकाने सांगितलेल्या, चालकांना खोली देणाऱ्या दोन लॉजची नावे त्यावर असतील.